चकलीतलं तेल कुठून आलं?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तयार फराळाच्या दुकानात गिऱ्हाईक पाकीट कसं निवडतं, ते पाहण्यासारखं असतं. आधी पाकीट हलकेच दाबून आतली चकली अख्खी आहे की चुरा झालाय, त्याचा अंदाज घ्यायचा. मग किंमत, मग तारीख. चौकोनातला हिरवा ठिपका डोळा आपोआप टिपतो. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचणारं गिऱ्हाईक विरळाच, आणि त्यात सगळा दोष गिऱ्हाइकाचा नाही. ती यादी बारीक टायपात, पाकिटाच्या जोडाजवळ आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असलं की कायद्याचं समाधान होतं. मराठीत छापायचं की नाही, ते उत्पादकाच्या मर्जीवर. चकली चाकणला तळली आणि साताऱ्यात खाल्ली, तरी तिच्यात काय आहे हे मराठीत सांगायचं बंधन कुणावर नाही.

तरीही ते पाकीट उलटं करण्यात अर्थ आहे. तांदळाचं पीठ, रिफाइंड पामोलिन, हरभराडाळीचं पीठ, उडदाचं पीठ, मीठ, तिखट, तीळ, ओवा: अशी किंवा हिच्या जवळपासची यादी पुष्कळ पाकिटांवर सापडते. यादीतला क्रम लहरीने लावलेला नसतो. पदार्थ करताना जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम आहे. पहिली तीन नावं वाचली की पदार्थाचा सांगाडा हाती येतो. इथे तो पीठ आणि तेल असा आहे. शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३५ ते ४० ग्रॅम फॅट हा आकडा सर्रास दिसतो. म्हणजे २०० ग्रॅमच्या पुड्यात ७०–८० ग्रॅम स्निग्ध पदार्थ. तो जवळजवळ सगळा कढईतून आलेला असतो.

यादी वाचायची कशी

तेलाचं नाव लिहिणं बंधनकारक आहे. नुसतं ‘खाद्यतेल’ लिहून भागत नाही. शेंगदाणा, मोहरी, पामोलिन, जे असेल ते नावानिशी द्यावं लागतं. तेलावर प्रक्रिया करून त्याचा घट्ट मेद बनवला असेल, तर ‘हायड्रोजिनेटेड’ किंवा ‘इंटरएस्टरिफाइड’ असे शब्द येतात. शंकरपाळे, खारी, सोनपापडी यांच्या याद्यांत ते भेटतात. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची बरीच चर्चा झाली आणि तिचा उपयोगही झाला. तेला-तुपातलं त्याचं प्रमाण जानेवारी २०२२पासून २ टक्क्यांच्या आत ठेवणं सक्तीचं आहे. मात्र कारखान्याला घट्ट मेदाची गरज उरलीच. पाम आपोआप अर्धवट गोठणारं असल्याने त्या गरजेत ते नेमकं बसलं.

तेलाचं नाव सापडलं नाही किंवा यादीत दोन-तीन तेलं एकत्र दिली असली, तर पोषणाच्या तक्त्यातून अंदाज काढता येतो. एकूण फॅट आणि त्यातलं सॅच्युरेटेड फॅट, हे दोन आकडे तक्त्यात असतातच. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. पामोलिनमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे जातं, पामतेलात निम्म्याच्या आसपास. शेंगदाणा तेलात ते साधारण पाचवा हिस्सा, सोयाबीनमध्ये त्याहून कमी, सूर्यफूल आणि करडईत दहा टक्क्यांच्या आगेमागे. तूप, लोणी किंवा खोबरं नसलेल्या तळलेल्या पदार्थात हा भागाकार ०.४च्या वर आला, तर आत पाम आहे असं खुशाल समजावं.

पुढच्या बाजूला तुपाच्या धारेचं चित्र असेल, तर मागे तुपाची टक्केवारी शोधावी. ज्या घटकाचा पाकिटावर शब्दांनी किंवा चित्राने गाजावाजा केला असेल, त्याचं प्रमाण छापायला लागतं. ‘नाचणीची बिस्किटं’ म्हणवणाऱ्या पुड्यात मैदा पहिला आणि नाचणी चौथी निघते, ते इथेच कळतं.

इथवर लेबल आपल्याला साथ देतं. पदार्थात काय आहे, हे ते बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतं. तो पदार्थ करताना जमिनीचं, पाण्याचं आणि हवेचं काय झालं, याबद्दल मात्र त्यावर अवाक्षर नसतं. पामोलिन हा शब्द वाचता आला, तरी ते कुठल्या मुलखातलं हे कळायला मार्ग नाही.

सुमात्रा ते कढई

ढोबळ उत्तर माहीत असतं. जगातलं बहुतांश पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं, आणि ते विकत घेणारा सर्वांत मोठा देश भारत. कच्चं तेल टँकरने कांडला, मुंद्रा, हल्दिया अशा बंदरांत उतरतं, रिफायनरीत त्याचा रंग आणि वास काढला जातो आणि थंड करून घट्ट भाग वेगळा केला, की उरतं ते पामोलिन. फराळ करणाऱ्या कारखानदाराला आणि केटररला ते का आवडतं, याची कारणं कुणीही आचारी सांगेल: ते स्वस्त पडतं, त्याला स्वतःची चव नसते, घाण्यामागून घाणे काढले तरी ते लवकर खराब होत नाही आणि तळलेला माल खवट व्हायला वेळ लागतो. पाकिटावर चार-सहा महिन्यांची मुदत छापायची, तर हा शेवटचा गुण लाखमोलाचा.

या स्वस्ताईची किंमत दुसरीकडे मोजली गेली. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर पामच्या मळ्यांसाठी अनेक दशकं वर्षावनं तोडली गेली. त्यातली बरीच जमीन पीटची आहे, म्हणजे पाण्याखाली न कुजता हजारो वर्षं साचत गेलेल्या पालापाचोळ्याचा काही मीटर जाडीचा थर. मळा लावायचा तर आधी चर खणून तिथलं पाणी काढतात. पाणी गेलं की तो थर हवेच्या संपर्कात येऊन कार्बन सोडू लागतो, आणि कोरड्या वर्षी पेटला तर आठवडेच्या आठवडे जमिनीखाली धुमसत राहतो. २०१५ साली इंडोनेशियात आगींनी सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळालं. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १,६०० कोटी डॉलर एवढा दिला. धूर सिंगापूर, मलेशियापर्यंत पसरला. आगी लागल्या त्या सगळ्याच पामसाठी, असं म्हणता येत नाही. पण पाणी उपसून कोरडी केलेली जमीन हे एक मोठं कारण होतं. जंगलासोबत तिथले प्राणीही धोक्यात आले. सुमात्रातल्या बातांग तोरूच्या जंगलात २०१७मध्ये ओरांगउटानची एक वेगळी प्रजाती शास्त्रज्ञांनी नोंदवली. नोंद झाली तेव्हाच तिचे जेमतेम ८०० प्राणी उरले होते.

यावर उतारा म्हणून २००४मध्ये आरएसपीओ ही प्रमाणपत्र देणारी संस्था उभी राहिली. मळेवाले, व्यापारी, कंपन्या आणि पर्यावरण संस्था तिच्यात एकत्र बसतात. युरोपातल्या दुकानांत तिचा पामच्या झाडाचा शिक्का दिसतो. आपल्याकडच्या फराळाच्या पाकिटांवर तो शोधूनही सापडणं अवघड. भारतीय खरेदीदार भाव बघतो आणि प्रमाणित तेलासाठी वरचे पैसे मोजायला तयार नसतो, हे त्यामागचं साधं कारण.

मग पाम सोडून द्यायचं?

अलीकडे काही पाकिटांवर ‘पामतेल नाही’ अशी ठळक पाटी येऊ लागली आहे. ती वाचून बरं वाटतं. पण प्रश्न तिथे संपत नाही. आयुसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेने २०१८च्या अहवालात पामचे दोष स्पष्ट मांडले आणि त्याच अहवालात एक इशाराही दिला: तेवढंच तेल दुसऱ्या पिकांतून काढायचं ठरवलं, तर नऊपटीपर्यंत जास्त जमीन लागेल. चांगल्या मळ्यात पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो. आपल्याकडे सोयाबीनचं सरासरी उत्पादन हेक्टरी एक टनाच्या आसपास आणि त्यात तेल १८ ते २० टक्के, म्हणजे हेक्टरी साधारण २०० किलो. बाकीची पेंड कोंबड्या आणि जनावरं खातात, ती काही वाया जात नाही. तरी तेलासाठी म्हणून पाहिलं, तर अंतर प्रचंड आहे.

पामऐवजी सोयाबीन म्हटलं, तर त्याचं आयात तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं, आणि तिथेही सोयाबीनसाठी नैसर्गिक जंगलं आणि गवताळ माळ मोडले गेले आहेत. सूर्यफुलाचं तेल रशिया, युक्रेनकडून. पाकिटावरचं नाव बदललं की ओझं एका खंडातून दुसऱ्या खंडात सरकतं, एवढंच.

देशातच पाम लावण्याचाही घाट घातला गेला. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राने ११,०४० कोटी रुपयांचं पामतेल अभियान जाहीर केलं. २०२५-२६पर्यंत आणखी साडेसहा लाख हेक्टरवर लागवड करायची आणि भर ईशान्य भारत व अंदमानवर द्यायचा, असा बेत होता. जैवविविधतेसाठी जपायला हवी तीच जमीन त्यासाठी निवडली गेली, म्हणून अभ्यासकांनी आक्षेप घेतले. बाहेरचं जंगल वाचवण्यासाठी घरचं तोडायचं, असा तो व्यवहार होता.

आपण इतके परावलंबी कायमच नव्हतो. १९८६मध्ये तेलबियांसाठी राष्ट्रीय तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, चार वर्षांत आयातशुल्क खाली आणलं गेलं आणि चित्र पालटलं. ज्यांनी रेशनच्या रांगेत पामतेलाचा डबा धरला, त्या पिढीने हा बदल घरात पाहिला आहे. आज आपल्या गरजेचं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं.

या धोरणाचा दुसरा टोला बसतो तो लातूरच्या अडतीत. आयात तेल स्वस्त झालं की सोयाबीनचा भाव दबतो. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला अनेक बाजारांत त्याहून बराच कमी भाव मिळाला. पेंडेची मंदी हेही त्याचं एक कारण होतं. त्या सप्टेंबरमध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलाचं शुल्क वाढवलं. महागाईची ओरड झाल्यावर मे २०२५मध्ये मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. शहरातल्या चकलीच्या पाकिटाची किंमत आणि मराठवाड्यातल्या पोत्याचा भाव एकाच दोरीला बांधलेले आहेत.

करडईची गोष्ट याहून खिन्न करणारी आहे. सोलापूर, परभणी, लातूर पट्ट्याच्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर येणारं हे रब्बी पीक. त्याला पाणी जवळजवळ लागत नाही. महाराष्ट्र या पिकात एके काळी देशात आघाडीवर होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यावर दीर्घकाळ काम केलं. तरी क्षेत्र आटत आटत नगण्य झालं. काटेरी पिकाच्या काढणीला मजूर मिळेना, आणि स्वस्त आयात तेलापुढे भावही टिकेना. शहरात आता लाकडी घाण्याचं करडई तेल चढ्या भावाने विकलं जातं. ते फोडणीला उत्तम, पण नेहमीच्या जातींचं तेल तासन्‌तास तळणीत टिकत नाही. तळणीला जुन्या घरांत शेंगदाणा तेल होतं, त्याला कारण होतं.

यादीतले बाकीचे

तेलावरून नजर काढून लाडवाच्या पाकिटाकडे वळू. बेसन, साखर, तूप. यातलं बेसन सर्वांत निरुपद्रवी. हरभरा मराठवाड्यात, विदर्भात हिवाळ्याच्या ओलीवर येतो आणि मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र जमिनीत धरतो, त्यामुळे युरिया कमी लागतो. साखरेचं तसं नाही. महाराष्ट्रात ऊस लागवडीखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा मात्र दोन-तृतीयांशाहून अधिक, हे कृषिमूल्य आयोगाने वारंवार दाखवून दिलं आहे. त्याच आयोगाच्या हिशेबाने आपल्याकडे किलोभर साखरेमागे दोन हजार लिटरहून अधिक पाणी जातं. लेबलवर ‘अॅडेड शुगर’चे ग्रॅम छापलेले असतात, पाण्याचे लिटर कुठेच नाहीत.

तुपाचा हिशेब तर भल्याभल्यांना अवघड वाटेल. गाईच्या दुधात चार टक्क्यांच्या आत-बाहेर स्निग्धांश धरला, तर किलोभर तुपाला पंचवीसेक लिटर दूध लागतं. म्हशीचं असेल तर पंधराच्या आसपास. मलई काढलेलं दूध इतरत्र वापरलं जातं, म्हणून सगळा भार तुपावर टाकता येत नाही. तरीही जनावराच्या रवंथातून निघणारा मिथेन, चारा आणि पाणी धरलं, तर हवामानाच्या दृष्टीने तूप बहुतेक वनस्पती तेलांपेक्षा जड भरतं. २०१९च्या पशुगणनेत देशात गाई-म्हशींची संख्या ३० कोटींहून अधिक निघाली. ‘पाम वाईट, तूप सात्त्विक’ ही विभागणी तब्येतीच्या किंवा श्रद्धेच्या अंगाने मांडता येईल. पर्यावरणाच्या हिशेबात ती टिकत नाही.

सुक्यामेव्याच्या पाकिटांवर निदान मूळ देश कळतो. बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाचा. भारत हा त्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. काजूचं थोडं गुंतागुंतीचं आहे. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे; पण कोकणातले कारखाने वर्षभर चालायचे तर आफ्रिकेतून आणलेली बी फोडावी लागते. ‘कोकणात तयार केलेला’ आणि ‘कोकणात पिकलेला’ यांत म्हणून एका महासागराचं अंतर असू शकतं.

लांबून आलेलं, सेंद्रिय आणि प्लॅस्टिकमधलं

‘जवळचं तेच चांगलं’ असं आपण गृहीत धरतो. २०१८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पूअर आणि नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांच्या आधारे केलेला अभ्यास आला. अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के, वेष्टनाचा त्याच्याही थोडा खाली. मोठा भार शेतातच पडतो: जमीन कशी मोकळी केली, खत किती घातलं, जनावर आहे की नाही. जहाजाने आलेल्या वस्तूपेक्षा काय पिकवलं आणि कसं, हे महत्त्वाचं. विमानाने आलेली बेरी याला अपवाद. जवळचं घेण्याला दुसरं सबळ कारण आहे, ते म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पैसा पडतो. ते वेगळं मांडावं.

सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’चा शिक्का असावा लागतो. त्यामागे एकतर एनपीओपी या राष्ट्रीय कार्यक्रमाचं त्रयस्थ प्रमाणपत्र असतं किंवा शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करायची पीजीएस पद्धत. शिक्का नसताना छापलेल्या ‘नॅचरल’ला वजन देण्याचं कारण नाही. शिक्का असला की रासायनिक कीटकनाशकं आणि खतं वापरली नाहीत असं समजावं. पाणी किंवा जमीन कमी लागली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

वेष्टनाचा उत्सर्जनातला वाटा लहान असला, तरी नाले तुंबवणारं पाकीट हा स्वतंत्र प्रश्न आहे. चकचकीत फराळाचं पाकीट प्लॅस्टिकच्या अनेक थरांचं असतं आणि कधी त्यात अॅल्युमिनियमचाही पापुद्रा असतो. भंगारवाला ते घेत नाही, कारण थर वेगळे करणं परवडत नाही. २०१८च्या महाराष्ट्राच्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. ती कागदावर राहिली.

आणि तारीख. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव-खुसखुशीतपणा उत्तम, त्यानंतर पदार्थ विषारी होतो असं नव्हे. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ मात्र पाळायची. भारतात घरगुती अन्नाची नासाडी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४चा अंदाज आहे. तुळशीच्या लग्नानंतर डब्यात मऊ पडलेला चिवडा टाकून दिला, की त्यातलं तेल, पोहे, शेंगदाणे आणि त्यामागचं सगळं पाणी त्याच्यासोबत जातं.

पाकिटावरची न छापलेली ओळ

या सगळ्यातून घरासाठी एक हिशेब निघतो. नीती आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार देशात दरडोई वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल खपतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस १२ किलोंची. फरक ७.७ किलो. त्याला १४० कोटींनी गुणलं, तर साधारण १ कोटी ८ लाख टन होतात. २०२२-२३मधली एकूण आयात १ कोटी ६५ लाख टन. म्हणजे जादा खाल्लं जाणारं तेल आयातीच्या दोन-तृतीयांशाला जाऊन भिडतं. सरासरीच्या आड गरिबाची कोरडी भाजी लपते, हे खरं. म्हणून कपात करायची ती ज्यांच्या घरी बारमाही शेव-फरसाण असतं, त्यांनी. कोणतं तेल, या वादापेक्षा किती तेल, हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर पोषणाच्या तक्त्यात आजही छापलेलं असतं.

पण तेल कुठून आलं, याचं उत्तर गिऱ्हाइकाने शोधावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. बाहेरून पाकीटबंद आलेल्या वस्तूवर मूळ देश छापावा लागतो. टँकरमधून आलेलं तेल इथे रिफाइन होऊन शेवेत गेलं, की त्याचं मूळ पुसलं जातं. आयातदाराच्या जहाजी कागदपत्रांत तो देश आणि ते बंदर नोंदलेलं असतंच. तीच नोंद पुढे पाकिटापर्यंत नेणं तंत्राच्या दृष्टीने कठीण नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर, मीठ, मेद यांचा इशारा छापावा की नाही, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं घोळ चालू आहे. २०२२मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आला, २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. चिलीत काळ्या अष्टकोनी सूचना २०१६पासून आहेत. नवी ओळ आपसूक छापली जाणार नाही, हे त्यावरून उघड आहे.

म्हणून मागणी मोठ्या खरेदीदारांकडून सुरू व्हायला हवी. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून दीड कोटीहून अधिक शिधापत्रिकांसाठी १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल देऊ केलं. एवढ्या खरेदीच्या निविदेत तेलाचा मूळ देश आणि जंगलतोड न केल्याचा दाखला मागता येतो. एक हिस्सा मराठवाड्यातल्या तेलबियांतून घेण्याची अट घालता येते. शालेय पोषण आहार, वसतिगृहं, सरकारी उपाहारगृहं यांची खरेदीही याच वाटेने होते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून सभासद कुटुंबांसाठी एकत्र किराणा घेते. अशा संस्थांनी पुरवठादाराला लेखी विचारलं, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. एकट्या गिऱ्हाइकाने दुकानात विचारलं, तर दुकानदार खांदे उडवतो, कारण त्याच्याकडेही ती माहिती नसते. निविदेत अट आली, की पुढच्या हंगामापर्यंत ती त्याच्याकडे पोहोचलेली असेल.